टिटवीची राखण

एका जागी बसणं यात कसली आलीय कला? खुर्ची असली की झालं! हे वाक्य मी सासरेबुवांच्या पलंगाशी उभं राहून, छातीवर हात ठेवून म्हणालो. निदान मला तरी तसं आठवतं. बायको म्हणते, तुम्ही उभे नव्हता, खोलीत येरझाऱ्या घालत होता आणि बाबांची मान टेनिस बघितल्यासारखी इकडून तिकडे होत होती. बायकोचं काय, ती काहीही म्हणते!

आता माझ्याबद्दल एक अफवा आहे, की मला एका जागी बसवत नाही. वीज कंपनीच्या ऑफिसात तक्रारींच्या खिडकीवर असतो मी, आणि तिथे मला सगळे ‘भिंगरी’ म्हणतात. साहेबांनी वैतागून माझ्या फिरत्या खुर्चीची चाकं काढून घेतली. मग मी ती खुर्ची उचलून हिंडायला लागलो. त्यात काय एवढं? माणसाने हालचाल ठेवावी!

सासरेबुवा माझ्या नेमके उलटे. उभा जन्म घड्याळं दुरुस्त करण्यात गेला. डोळ्याला भिंग, हातात चिमटा आणि श्वाससुद्धा विचारून घ्यायचा. दुकान बंद केल्यावर बसायची सवय काही सुटेना, म्हणून पक्षी बघायला लागले. गावाबाहेरच्या माळावर जाऊन असे बसायचे, की एकदा म्हणे एक कोतवाल पक्षी यांच्या टोपीवर येऊन किडा खाऊन गेला. हे ते अभिमानाने सांगतात!

आणि या माणसाचा पाय मोडला. आकाशातली घार बघत बघत मागे सरकले आणि पायरी संपली. घार राहिली वर, हे आले खाली. तेही अशा वेळी, की ज्याची ते तीन वर्षं वाट बघत होते.

सासरेबुवांना टिटवीची पिल्लं अंड्यातून बाहेर येताना बघायची होती. बाकी काही नको. टिटवीचा एक ताप असा, की ती घरटं बांधतच नाही. उघड्या माळावर, चार खडे इकडेतिकडे सारून, जमिनीवर अंडी घालते. अंडी रंगाने अशी, की खडी बरी! कुणी बोट दाखवलं तरी दिसत नाहीत. पहिल्या वर्षी ती कुत्र्याने खाल्ली. दुसऱ्या वर्षी पाण्यात गेली. तिसऱ्या वर्षी त्यांच्यावरून गुरं गेली. यंदा नव्या गोदामासाठी खडी टाकलेल्या मोकळ्या आवारात टिटवी बसली होती, आणि आदल्या संध्याकाळी बायको दुर्बिणीतून बघून आली होती. एका अंड्याला तडा गेला होता!

“पुढच्या वर्षी बघू की, बाबा,” मी सहज म्हणालो.

सासरेबुवांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, “डोळ्यात मोतीबिंदू उतरतोय. शिवाय तिथे पुढच्या वर्षी गोदाम असेल. पुढचं वर्ष कुणी पाहिलंय, जावईबापू?”

मी तिथल्या तिथे जबाबदारी उचलली. अडचण अशी, की सासरेबुवांचं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही आणि पाय प्लास्टरमध्ये. त्यांना खुर्चीत बसवून चौघांनी खाली आणायचं, तेही एकदाच, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. बायको नर्स, तिची सकाळची ड्यूटी. मग ठरलं असं, की मी उजाडल्यापासून आवारात बसायचं. अंडं फुटायला लागलं की फोन करायचा. बायको ड्यूटीवरून परस्पर येईल, शेजाऱ्यांच्या मदतीने बाबांना खाली उतरवेल आणि गाडीतून थेट घेऊन येईल.

आणि हो, रोलर! त्याच दिवशी खडी दाबायला रोलर येणार होता. सासरेबुवांनी पाय मोडण्याआधीच रोलरवाल्याला गाठून, चहा पाजून, कबूल करून घेतलं होतं. अंड्यांच्या शेजारी लाल फडकं बांधलेली काठी रोवलेली असेल, तिच्या आसपासची जागा त्याने सोडायची. काठी बायकोने रोवली होती.

“दोनच गोष्टी लक्षात ठेवा,” निघताना सासरेबुवा म्हणाले. “खुर्चीवरून उठायचं नाही. आणि काठीला हात लावायचा नाही.”

“बाबा, मी काय लहान आहे?” मी हसून म्हणालो.

बायको हसली नाही.

सकाळी मी जय्यत तयारीने आवारात पोचलो. प्लास्टिकची खुर्ची, थर्मास, टोपी, सासरेबुवांची जुनी दुर्बीण. लांबवर लाल फडकं फडफडत होतं आणि त्याच्या पायथ्याशी टिटवी बसली होती. डोळ्यापुढे लाल कातडं, पिवळे पाय पोटाखाली मुडपलेले, चेहरा एखाद्या कडक बाईंसारखा. मी खुर्ची मांडली. बसलो. दुर्बीण लावली. टिटवी बसली होती. दुर्बीण काढली. टिटवी बसली होती. चहा प्यायलो. टिटवी बसली होती! अहो, काहीतरी कर ना बाई! निदान मान तरी हलव!

मग लक्षात आलं, खुर्ची एका बाजूला कलतेय. जरा सरकवली. मग ऊन डोळ्यात यायला लागलं. फिरवली. मग वाटलं, या बाजूने पोटाखालचं जास्त दिसेल. उचलून पलीकडे नेली. तिथे मुंग्या. परत उचलली. हे सगळं पक्षीनिरीक्षणाच्या हितासाठीच चाललं होतं. पण टिटवी माझ्याकडे अशी बघायला लागली, जशी बायको बघते.

इतक्यात कुत्रा आला!

पिवळट, मरतुकडा, नाक जमिनीला लावून सरळ त्या काठीच्या दिशेने. माझ्या डोळ्यांसमोर पहिल्या वर्षीची अंडी उभी राहिली. आता मला सांगा, अशा वेळी कुठला जावई खुर्चीवर बसून राहील? मी धावलो! हाड हाड ओरडत धावलो! हातात काही तरी हवं म्हणून जे पहिलं दिसलं ते उपटलं आणि कुत्र्यामागे लागलो. कुत्रं शेपूट घालून पळालं. मी कुंपणापर्यंत त्याला पोचवून आलो. काय ती मर्दुमकी! स्वतःवरच इतका खूश झालो, की दोन क्षण तिथेच उभा राहून दम खाल्ला.

तेवढ्यात डोक्यावर कल्लोळ! टिटवी आणि तिचा नवरा, दोघं आकाशात थैमान घालत होते. ‘टिटिव टिटिव टिव!’ एकाने येऊन माझी टोपी उडवली. दुसरी सूर मारून आली, मी घाबरून हातातलं हे फिरवलं, आणि ती धप्पकन जमिनीवर!

तिचा एक पंख लोंबत होता. ती लंगडत, फरफटत, एका अंगावर कलत चालली होती. मी मारली! सासरेबुवांची टिटवी मी मारली! तीन वर्षं कुत्रं, पाणी आणि गुरं. चौथ्या वर्षी जावई! हे कुठल्या तोंडाने सांगू त्यांना?

“थांब गं बाई, थांब,” मी म्हणालो आणि शर्ट काढून तिला पकडायला पुढे सरकलो. ती दोन हात पुढे फरफटली. मी पुढे, ती पुढे. वाकून चाललो, रांगत चाललो, एकदा सपशेल आडवा झालो. प्रत्येक वेळी शर्ट पडायचा तिच्या शेपटीमागे. जखमी असूनही काय जिद्द म्हणावी! उगाच नाही म्हणत, टिटवीदेखील समुद्र आटवते!

शेवटी मी सासरेबुवांच्या इमारतीत तळमजल्यावर राहणाऱ्या जनावरांच्या डॉक्टरांना फोन लावला.

“डॉक्टर, लवकर या! पंख मोडलाय!”

“कुणाचा?”

“टिटवीचा!”

“अहो, मी गाईम्हशींचा डॉक्टर. म्हशीला पंख असता तर सांगितलं असतं.”

पण माणूस भला. बॅग घेऊन स्कूटरवरून आला. उघड्या अंगाने, एका हातात शर्ट आणि एका हातात काठी घेऊन खडीत रांगणारा मी त्याला दिसलो, तरी परत गेला नाही, यातच सगळं आलं. मग आम्ही दोघांनी मोहीम काढली. तो डावीकडून, मी उजवीकडून.

“हुशार आहे हो,” डॉक्टर धापा टाकत म्हणाले. “म्हैस असती तर एव्हाना पडली असती.”

आवाराच्या पार टोकाला, नाल्यापाशी, आम्ही तिला कोंडीत पकडलं. मी शर्ट उंच धरला. डॉक्टरांनी दोन्ही हात पसरले. टिटवीने आम्हा दोघांकडे एकेकदा पाहिलं. मग तो मोडलेला पंख व्यवस्थित घडी करून अंगाशी घेतला, दोन पावलं सरळ चालली आणि भुर्रकन उडून गेली!

आम्ही दोघं आ वासून बघत राहिलो.

“पंख मोडलाय म्हणालात ना?” डॉक्टरांनी विचारलं.

“मोडला होता,” मी म्हणालो.

त्यातच सासरेबुवांचा फोन आला. काय काय झालं ते मी सांगितलं. म्हणजे खुर्चीच्या फेऱ्या वगळून सांगितलं. ते तिकडे हसले आणि म्हणाले, “अहो, नाटक ते! अंड्यांपाशी कुणी आलं की टिटवी लंगडायचं सोंग करते. शत्रूला आपल्यामागे लावून लांब नेते आणि मग उडून जाते. किती लांब नेलं तुम्हाला?”

मी मागे वळून बघितलं. खुर्ची बोटाएवढी दिसत होती. “थोडंसंच,” मी म्हणालो.

“काठी आहे ना जागेवर?”

या प्रश्नासरशी मला पहिल्यांदाच माझा उजवा हात दिसला. हातात काठी होती. तिच्या टोकाला लाल फडकं मजेत फडफडत होतं.

“काठी ना... काठी अगदी डोळ्यांसमोर आहे, बाबा,” मी म्हणालो आणि फोन ठेवला.

तर मंडळी, ताकाला जाऊन भांडं लपवण्याचा हा प्रकार चालू असतानाच फाटकातून धडधड आवाज आला. रोलर!

मी जिवाच्या आकांताने धावलो. मागे डॉक्टर. रोलरसमोर दोन्ही हात पसरून उभा राहिलो. रोलरवाला वरून वाकला.

“काय झालं साहेब? मी कबूल केलंय ना, काठी दिसेल तेवढी जागा सोडतो. कुठाय काठी?”

“ही काय.”

“ती हातात कशी?”

“तेच तर!”

त्याने कपाळाला हात लावला. “काखेत कळसा ऐकला होता. हे नवीनच आहे!”

“खुर्चीवरून अंदाज येईल,” डॉक्टर म्हणाले. “खुर्ची कुठे ठेवली होती?”

मी खुर्चीकडे बघितलं. ती शेवटच्या जागी होती. त्याआधी ती सगळीकडेच होती. चौफेर खडीच खडी, प्रत्येक खडा अंड्यासारखा, आणि त्यात कुठे तरी सासरेबुवांची तीन वर्षं. मला रडू यायला लागलं. खोटं का सांगू, खरोखरच यायला लागलं! पायरीवरून पडलेला तो म्हातारा माणूस, मोतीबिंदू उतरलेल्या डोळ्यांनी तिसऱ्या मजल्यावर फोनची वाट बघत बसलाय. आणि मी? मला एक काठी जागेवर ठेवता आली नाही!

“मी शोधतो,” म्हणून मी वाकून, एकेक पाऊल फुंकून टाकत निघालो. डॉक्टर आणि रोलरवाला जागेवरूनच सूचना देत होते. आणि मी पुढचं पाऊल टाकायला पाय उचलला, खाली बघितलं, तर काय! बुटाच्या बरोबर खाली, एकमेकांना चिकटून, ठिपक्याठिपक्यांची, गोलसर... सापडली!

मी उचललेला पाय तसाच ठेवला. दुसऱ्या पायाच्या आसपासही काही गोलसर दिसत होतं. आता पाय खाली टेकवायचा तरी कुठे? मी काठीवर भार दिला, दुसऱ्या हाताने फोन लावला आणि आता मात्र सगळं सांगून टाकलं. काठी, कुत्रा, खुर्ची, सगळं.

मग सासरेबुवा म्हणाले, “टिटवी कुठे आहे?”

“वर ओरडतेय.”

“तुम्ही कसे उभे आहात?”

“एका पायावर.”

“मग तसेच राहा. मी सांगेपर्यंत हलायचं नाही. बोलायचंसुद्धा नाही. मी येतोय. आणि जरा रोलरवाल्यांना फोन द्या. नको, नको, राहू द्या, त्यांचा नंबर आहे माझ्याकडे.”

आणि मी उभा राहिलो. काय सांगू तुम्हाला! नाकाच्या शेंड्यावर खाज आली. मग कानामागे. मग जिथे हात पोचतच नाही तिथे. एक माशी आली आणि माझ्या भुवईवर संसार थाटून बसली. एका पायाला मुंग्या आल्या, आणि त्याच पायावर खऱ्या मुंग्याही चढल्या. कोण कुठल्या तेही कळेना! एरवी मी फोनवर बोलताना दोन गल्ल्या चालून येतो. इथे मान वळवायची चोरी. एकदा शिंक आली. ती मी नाकातल्या नाकात अशी जिरवली, की डोळे बाहेर यायचे बाकी राहिले. पण हललो नाही. मनात एकच, या वर्षी अंडी माझ्यामुळे जायची नाहीत!

हळूहळू वरचा आरडाओरडा थांबला. रोलर केव्हाच बंद झाला होता. डॉक्टर आणि रोलरवाला रोलरच्या सावलीत मांडी घालून बसलेले मला डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसत होते. चहा पीत होते. माझ्या थर्मासमधला!

मग फाटकाशी गाडी थांबल्याचा आवाज आला. दार उघडलं. कुणी बोललं नाही. पुढे कुणी आलंही नाही. माझ्या पाठीमागे इतकी शांतता पसरली, की मला वाटलं, सगळे मला सोडून घरी गेले.

किती वेळ गेला, देव जाणे. अखेर खडीवर पावलं वाजली. सरळ, बेधडक, करकर वाजत येणारी पावलं. बायको!

“अगं, जपून!” मी ओठ न हलवता म्हणालो. “अंडी!”

“पाय खाली ठेवा,” ती म्हणाली.

“वेडी आहेस का? पायाखाली बघ!”

ती वाकली. माझ्या बुटाखालचं एक अंडं उचललं, दुसऱ्यावर आपटलं. खट्ट आवाज आला. “खडा आहे हा,” ती म्हणाली. “सगळे खडेच आहेत. अंडी तिकडे आहेत. म्हणजे होती.”

“होती?” माझा पाय आपोआप खाली आला आणि त्याच्यामागोमाग मीही.

बसल्या बसल्या मी वळून बघितलं. माझ्या खुर्चीच्या जवळच, मी आतापर्यंत पाठ करून उभा होतो त्या बाजूला, टिटवी बसली होती. तिच्या पोटाखालून काटकीसारखे दोन पाय बाहेर आले. मग एक कापसाचा ठिपकेदार गोळा बाहेर आला, खडीत अडखळून पडला, उठला आणि परत आईच्या पंखाखाली घुसला. त्याच्यामागे दुसरा!

गाडीचं मागचं दार उघडं होतं. प्लास्टरचा पाय आडवा टाकून सासरेबुवा आपल्या नव्या दुर्बिणीला डोळा लावून बसले होते. घड्याळाच्या काट्याएवढ्या स्प्रिंगा लावताना बसायचे तसेच, श्वाससुद्धा विचारून! मी लंगडत लंगडत जवळ गेलो, या वेळी खरोखरच लंगडत. त्यांनी दुर्बीण खाली घेतली तेव्हा डोळे भरून आले होते.

“चारही बघितली,” ते म्हणाले. “पहिलं बाहेर आलं ना, तेव्हा तिने टरफल चोचीत धरून लांब नेऊन टाकलं. बघितलं मी!”

“पण बाबा, तुम्हाला माहीत होतं? माझ्या पायाखाली खडे आहेत ते?”

“अहो, टिटवी वर ओरडत होती म्हणालात ना? अंड्यांवर पाय पडायची वेळ आली असती तर तिने तुमचे डोळे काढले असते.”

“मग मला तसं उभं का ठेवलंत?”

“तुम्ही हलत होता तोवर ती खाली यायला तयार नव्हती. तुम्ही थांबलात आणि ती आली.” त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. “फार उपकार झाले, जावईबापू. मलासुद्धा इतकं स्तब्ध राहायला जमलं नसतं.”

आता तुम्हीच सांगा, यावर रागवायचं तरी कसं? डॉक्टर आणि रोलरवाला खाली मान घालून हसत होते. त्या दोघांना फोनवरून केव्हाच सगळं कळलं होतं. रोलरवाल्याने त्या दिवशी काम बंद ठेवलं, आणि संध्याकाळपर्यंत टिटवी आपलं बिऱ्हाड घेऊन नाल्यापलीकडे गेली.

मी एका पायावर उभा होतो, तेव्हाचा एक फोटो बायकोने दुर्बिणीला मोबाइल लावून काढला होता. तो आता सासरेबुवांच्या बैठकीच्या खोलीत मोठा करून लावलाय. पुढे टिटवी, तिच्या पायांशी पिल्लू, आणि मागे, जरा अंधूक, उभं काहीतरी.

घरी येणारा प्रत्येक पाहुणा विचारतो, “फोटो झकास आलाय हो! पण मागे तो खांब कसला?”

“खांब नाही, आमचे जावई आहेत ते,” सासरेबुवा कौतुकाने सांगतात.

पाहुणे फोटोकडे बघतात. मग माझ्याकडे बघतात. मी तेव्हा खिडकीपासून दारापर्यंत माझी नेहमीची येरझार घालत असतो.

“छे हो!” पाहुणे म्हणतात. “हे तर हलतायत!”